६०५५ डॉलरची रेषा आणि आणीबाणीची दोन वर्षं



इथे लिहिताना मी शक्यतो माझ्याच विषयातली, म्हणजे रसायनशास्त्रातली उदाहरणं घेते. आज वाट सोडून राज्यशास्त्रात शिरते आहे. कारण साधं आहे: एक शोधनिबंध मी चुकीचा वाचला होता आणि ती चूक चारचौघांत उघडी पडली. तुमच्यापैकी बरेच जण पेटची किंवा नेटची तयारी करताय, काहींचं कोर्सवर्क लवकरच सुरू होईल. माझी फजिती तुमच्या कामी आली तर बरंच आहे.

झालं असं. आमच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा तास सगळ्या शाखांना एकत्र होता. प्रत्येकाने आपल्या विषयाबाहेरचा एक गाजलेला शोधनिबंध वाचून मांडायचा, असं काम मिळालं. त्याच सुमारास एका लग्नात काकांशी माझा वाद झाला होता. काकांचं म्हणणं नेहमीचंच. "गरीब देशाला लोकशाही परवडत नाही गं. आधी पोट भरू दे, मग मतदान. दहा वर्षं एखादा खमक्या माणूस बसव, मग बघ देश कुठे जातो ते!" मला वाटलं, भावनेने भांडण्यापेक्षा आकडे बघू. विकसनशील देशांत लोकशाही यशस्वी होऊ शकते का, यावर कोणीतरी मोजमाप केलंच असेल.

केलं होतं. आणि पहिल्या वाचनात तरी काकाच बरोबर आहेत असं दिसलं.

निबंध काय म्हणतो

या चर्चेची सुरुवात बहुतेक जण सेमूर मार्टिन लिप्सेट यांच्या १९५९ च्या लेखापासून करतात. श्रीमंत, शिकलेल्या, शहरी देशांत लोकशाही जास्त आढळते, हे त्यांनी तक्ते मांडून दाखवलं. पण "जास्त आढळते" याचे दोन अर्थ होतात. श्रीमंती आल्यामुळे लोकशाही जन्माला येते, हा एक. किंवा लोकशाही कुठेही, कशीही जन्माला येते, पण श्रीमंत देशात ती मरत नाही, हा दुसरा. दोन्हींत शेवटी चित्र सारखंच दिसतं.

हे दोन अर्थ वेगळे काढले अ‍ॅडम पशेवोर्स्की आणि फर्नांडो लिमोंगी यांनी. १९९७ साली 'वर्ल्ड पॉलिटिक्स'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात १३५ देश आणि १९५० ते १९९० हा काळ होता. दर देशाला दर वर्षी एकच शिक्का: लोकशाही किंवा हुकूमशाही. मग कोणत्या उत्पन्नाला कोणती राजवट कोसळते, हे मोजलं. त्यांचा निष्कर्ष असा की विकास झाला म्हणून हुकूमशाहीची लोकशाही होते असं दिसत नाही. मात्र लोकशाही एकदा आली की ती टिकणं उत्पन्नावर फार अवलंबून असतं. याच गटाच्या १९९६ च्या एका लेखात आकडे दिले आहेत. दरडोई उत्पन्न वर्षाला १००० डॉलरखाली असेल तर लोकशाहीचं सरासरी आयुष्य साधारण साडेआठ वर्षं. १००० ते २००० डॉलरमध्ये १६ वर्षं, २००० ते ४००० मध्ये ३३ वर्षं आणि ४००० ते ६००० मध्ये १०० वर्षं. हे डॉलर १९८५ च्या क्रयशक्तीचे आहेत, आजच्या विनिमय दराचे नाहीत.

त्यापुढे येते ती प्रसिद्ध रेषा, ६०५५ डॉलर. १९७६ च्या लष्करी उठावाच्या वेळी अर्जेंटिना या पातळीला होता. त्याहून श्रीमंत देशात एकही लोकशाही कोसळलेली त्यांना आढळली नाही. रेषेवरच्या ३२ लोकशाह्यांनी मिळून ७३६ वर्षं काढली आणि एकही पडली नाही. रेषेखालच्या ६९ पैकी ३९ पडल्या.

मी स्लाइड केली: "गरीब देशांत लोकशाही टिकत नाही." खाली ठळक अक्षरांत ६०५५.

मांडणी संपल्यावर मागे बसलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एकच प्रश्न विचारला. "या यादीत आपली आणीबाणीची दोन वर्षं कुठल्या रकान्यात आहेत?"

मला माहीत नव्हतं. मी निष्कर्ष वाचला होता, आलेख वाचले होते. रकाना कसा भरला ते वाचलंच नव्हतं. लॅबमध्ये कोणी उपकरणाचं कॅलिब्रेशन न बघता रीडिंग लिहून आणलं असतं तर मीच त्याला परत पाठवलं असतं.

पहिली अडचण: रेषा एका देशावर उभी आहे

आधी सोपी गोष्ट घेऊ. ६०५५ हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही. जेवढ्या लोकशाह्या पडल्या, त्यांतली सर्वांत श्रीमंत कोणती, तिचं उत्पन्न म्हणजे ही रेषा. म्हणजे हा नमुन्यातला कमाल आकडा झाला. कमाल आणि किमान आकडे किती नाजूक असतात, हे प्रयोग करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. एक नवी नोंद आली की आकडा सरकतो. इथेही तेच झालं. २००६ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा अर्जेंटिनाची रेषा मागे पडली.

मग "७३६ वर्षांत शून्य" याचं काय? शून्य दिसलं म्हणजे धोका शून्य, असं नसतं. संख्याशास्त्रात याला एक सोपा ठोकताळा आहे: न निरीक्षणांत एकही घटना घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने धोक्याची वरची मर्यादा ३ भागिले न. इथे ३ भागिले ७३६, म्हणजे वर्षाला सुमारे ०.४ टक्के. साधारण अडीचशे वर्षांत एक. कमीच आहे, पण "अमर" नाही. शिवाय हा ठोकताळा प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे असं धरतो. एकाच लष्करी करारात बांधलेले पश्चिम युरोपातले शेजारी देश एकमेकांपासून स्वतंत्र कसे धरायचे?

आता रेषेच्या खाली या. ६९ पैकी ३९ पडल्या, म्हणजे ३० पडल्या नाहीत. त्यांतल्या काही पुढे श्रीमंत झाल्या, हे खरं. पण "टिकत नाही" हे माझं वाक्य चूकच होतं. "टिकणं अवघड जातं" एवढंच म्हणता आलं असतं. टक्केवारीला नियम समजणं ही आपल्या सगळ्यांची पहिली चूक असते.

भारताचं काय? १९५० नंतरची पहिली ३० वर्षं भारत सर्वांत खालच्या उत्पन्न गटात होता असं धरू. सरासरी आयुष्य साडेआठ वर्षं असेल, तर किरणोत्सारी ऱ्हासाचं आपलं नेहमीचं सूत्र लावून ३० वर्षं टिकण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन येते. हे माझं पाठीमागच्या पानावरचं गणित आहे, निबंधातलं नाही. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, असे बरेच देश असतील तर एखादा टिकणारच. म्हणून नुसता भारत दाखवून निबंध खोटा ठरवता येत नाही. आपल्याकडे वादात हे फार चालतं. दोन, देश म्हणजे अणू नव्हेत. एकाच समस्थानिकाचे सगळे अणू सारखे असतात, देश नसतात. १९५१ च्या जनगणनेतले ३६ कोटी लोक त्या तक्त्यात एक ओळ आहेत, आणि मॉरिशसही एक ओळच आहे. "किती लोक लोकशाहीत जगले" असा प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं दिसेल. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

दुसरी अडचण: शिक्का कसा मारला

आता प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे येते. देशाला लोकशाही म्हणायला या गटाने चार अटी ठेवल्या. सरकारचा प्रमुख निवडणुकीतून आलेला असावा, विधिमंडळ निवडून आलेलं असावं, एकाहून अधिक पक्ष असावेत, आणि चौथी अट सत्तापालटाची. सत्ताधारी पक्ष लागोपाठ निवडणुका जिंकतोय आणि कधी हरलेलाच नाही, तर हरल्यावर तो खुर्ची सोडेल की नाही, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. असा देश लोकशाहीत धरायचा नाही. पुढे कधी तो हरला आणि मुकाट्याने गेला, तर मागची वर्षंही लोकशाहीची धरायची.

या अटीमागचा विचार मला पटतो. लोकशाहीची खरी परीक्षा जिंकणाऱ्याची नसते, हरणाऱ्याची असते. लेखकांनी अट लपवलेली नाही. या अटीमुळे काही खऱ्या लोकशाह्या चुकीच्या रकान्यात जातील, हेही त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे. पण अटीचा परिणाम काय होतो ते बघा.

आफ्रिकेतला बोट्सवाना हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी होता. तिथे नियमित निवडणुका होत राहिल्या, लष्करी उठाव एकदाही झाला नाही. पण दर वेळी बोट्सवाना डेमोक्रॅटिक पार्टीच जिंकत गेली. त्यामुळे या यादीत बोट्सवाना हुकूमशाही! मग ३० ऑक्टोबर २०२४ ला मतदान झालं. ५८ वर्षं सत्तेत असलेल्या पक्षाला ६१ पैकी अवघ्या ४ जागा मिळाल्या. राष्ट्राध्यक्ष मोक्ग्वीत्सी मसिसी यांनी पूर्ण मोजणी संपायच्या आत पराभव मान्य केला आणि दोन दिवसांत डुमा बोको यांचा शपथविधी झाला. म्हणजे त्याच नियमाने बोट्सवाना आता १९६६ पासून लोकशाही ठरायला हवा. विकसनशील जगातली इतकी जुनी लोकशाही निष्कर्ष काढताना चुकीच्या बाजूला मोजली गेली होती. मलेशियातही १९५७ पासून एकच आघाडी सत्तेत होती, ती २०१८ मध्ये हरली.

आता हाच नियम आपल्याला लावा. १९५२, ५७, ६२, ६७, ७१ या पाचही लोकसभा निवडणुका काँग्रेसने जिंकल्या. काही राज्यांत तिचा पराभव झाला, केरळमध्ये तर १९५७ सालीच. पण नियम केंद्राकडे बघतो. १९७६ साली कोणी हाच नियम घेऊन यादी करायला बसला असता, तर भारत कुठे गेला असता? बोट्सवानाच्या शेजारी. भारताला मागाहून १९५० पासूनचा लोकशाहीचा शिक्का मिळतो तो मार्च १९७७ च्या पराभवामुळे.

आणि गंमत म्हणा किंवा दुर्दैव, त्याच पराभवामुळे आणीबाणीची वर्षंही लोकशाहीची ठरतात. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७. विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, निवडणूक लांबणीवर, सक्तीच्या नसबंदीची दहशत. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी व्यासपीठावरून आणीबाणीला विरोध केला आणि पुढे त्यांना अटकही झाली. हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतं. तक्त्यात मात्र १९७६ आणि १९८६ या दोन्ही वर्षांना सारखाच शिक्का आहे.

म्हणजे प्राध्यापकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: आणीबाणी लोकशाहीच्या रकान्यात आहे. निबंधाच्या नियमाने ते बरोबर आहे आणि तरीही काहीतरी हरवलं आहे. दोनच अंश असलेल्या थर्मामीटरने ताप मोजावा तसं हे झालं. जिवंत की मेलेला एवढं कळतं, आजारी होता हे कळत नाही. ज्या मोजमापांत पायऱ्या असतात, उदाहरणार्थ फ्रीडम हाऊसची किंवा व्ही-डेमची, त्यांत भारताची रेघ या दोन वर्षांत खाली जाऊन पुन्हा वर येताना दिसते. अर्थात तिथे वेगळी भानगड आहे. अनेक तज्ज्ञांची मतं गुणांत बदलायची म्हटल्यावर मतभेद आले. दोन रकान्यांचं मोजमाप ढोबळ पण ठाम, पायऱ्यांचं बारीक पण वादग्रस्त. आपल्या प्रश्नाला कोणतं लागतं, हे आपण ठरवायचं.

तिसरी अडचण: यश म्हणजे काय

या निबंधात यश म्हणजे टिकणं. कोसळली नाही, म्हणजे पास. पण या प्रश्नाचं दुसरं उत्तर आपल्याकडे, पुण्यात, लिप्सेटच्याही सात वर्षं आधी दिलं गेलं होतं. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुणे डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या पूर्वअटींवर भाषण केलं. लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात रक्त न सांडता क्रांतिकारक बदल घडवून आणणारी राज्यपद्धती, अशा आशयाची त्यांची लोकशाहीची व्याख्या होती. अटी अशा: समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि प्रशासनात समान वागणूक हवी, संविधानिक नीती पाळली जावी, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम करू नये, समाजाला नैतिक अधिष्ठान हवं आणि लोकांची सदसद्विवेकबुद्धी जागी हवी.

या यादीत दरडोई उत्पन्न नाही, हे बघा. गरिबी अडथळा आहे असं ते म्हणत नाहीत, विषमता अडथळा आहे म्हणतात. राज्यघटना स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेतही त्यांनी हाच इशारा दिला होता: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोधाभास लवकर मिटवला नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. त्यांच्या अटींपैकी पशेवोर्स्कींच्या तक्त्यात थेट दिसते ती जवळपास एकच, विरोधी पक्षाची. बाकीच्या मोजायला अवघड आहेत. पण मोजायला अवघड म्हणजे महत्त्वाची नाही, असं आपण नकळत धरून चालतो.

या दुसऱ्या फूटपट्टीने भारताचा निकाल मिश्र येतो. अमर्त्य सेन यांनी दाखवलं की स्वतंत्र वृत्तपत्रं आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळबळीचा प्रसंग येत नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती, त्याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि मोठी जीवितहानी टळली. चीनमध्ये १९५९ ते ६१ मध्ये कोट्यवधी लोक भुकेने मेले. पण रोजचं कुपोषण आपल्या लोकशाहीला तेवढ्या तत्परतेने दिसलं नाही, हेही सेन यांनीच लिहिलं आहे. टिकण्यात पास, बाकी विषयांचा निकाल राखीव.

मग काकांना काय सांगितलं

समजा, वरच्या सगळ्या अडचणी बाजूला ठेवल्या आणि निबंध जसाच्या तसा मान्य केला. तरी काकांचा निष्कर्ष त्यातून निघतो का? नाही. काकांचं म्हणणं असं: आधी खमक्या माणूस, मग श्रीमंती, मग लोकशाही. निबंधाचा अर्धा भाग नेमका याच्या विरुद्ध आहे. हुकूमशाहीत उत्पन्न वाढलं म्हणून लोकशाही येते, असं त्यांना आढळलं नाही. याच गटाच्या २००० सालच्या पुस्तकात हुकूमशाही सरासरीने जास्त वेगाने वाढ करते, असंही निघालं नाही. सिंगापूर दिसतं, कारण ते यशस्वी झालं. खमक्या माणसाखाली बुडालेल्या देशांची नावं लग्नाच्या पंगतीत कोणी घेत नाही.

पुढच्या संशोधनात मतभेद आहेतच. कार्ल्स बोइश आणि सुझन स्टोक्स यांनी २००३ मध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाऊन डेटा घेतला आणि विकासामुळेही लोकशाही येते असं म्हटलं. दारोन असेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रत्येक देशाची तुलना दुसऱ्या देशाशी न करता त्याच्याच आधीच्या काळाशी केली, तेव्हा उत्पन्न आणि लोकशाहीचा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. श्रीमंती आणि लोकशाही या दोन्हींच्या मागे त्या देशाचा जुना इतिहास असू शकतो. म्हणजे प्रश्न संपलेला नाही.

माझं आजचं उत्तर एवढंच: विकसनशील देशात लोकशाही टिकू शकते. गरिबीने तिचा धोका वाढतो, पण निकाल ठरत नाही. आणि आणीबाणी आठवली की वाटतं, ती १९७७ मध्ये वाचली ती उत्पन्नामुळे नाही. तेव्हा आपण रेषेच्या फार खाली होतो. मतदान झालं, मोजणी झाली आणि हरणारे घरी गेले.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आकडा तर त्यांनीच दिलाय ना, सहा हजाराचा?" आकडा लक्षात राहतो, अट राहत नाही. मीही त्याच वाटेने गेले होते, त्यामुळे रागावता आलं नाही.

तुमच्यासाठी एकच काम. या आठवड्यात तुमच्या विषयातला एखादा गाजलेला शोधनिबंध काढा. सारांश आणि निष्कर्ष सोडून द्या. आधी फक्त एवढं शोधा: मुख्य रकाना कसा भरला? कोण आत आलं, कोण बाहेर राहिलं, आणि कोणत्या नियमाने? अर्ध्या पानात लिहून काढा. मग निष्कर्ष वाचा. मुलाखतीत मागच्या बाकावरून प्रश्न आला तर निदान माझ्यासारखं गप्प उभं राहावं लागणार नाही.

भेटू पुढच्या लेखात.